पाणी पिकेपर्यंत

घणसोली गावात, देवळामागच्या बोळात, शोभेच्या माशांचं एक दुकान होतं. आत काचेच्या अकरा टाक्या होत्या, त्यांत निदान दीडशे मासे होते, दारावर ठळक अक्षरांत पाटी होती आणि तिथे मासे विकत मिळत नसत. म्हणजे कागदोपत्री मिळायचे. पण त्या दुकानातून मासा घेऊन गेलेला माणूस दाखव, असं कुणी म्हटलं असतं तर मला निदान दोन गल्ल्या हिंडावं लागलं असतं.

दुकानाचे मालक गावचेच. साठी उलटलेली, कमरेला चौकटीची लुंगी, आणि तिच्यावर कारखान्याच्या प्रयोगशाळेतला पांढरा डगला. डगल्याच्या खिशात पेनांच्या जागी पाणी तपासायच्या थेंबांच्या तीन बाटल्या. दिघ्याकडच्या एका केमिकल कंपनीत तीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं, कंपनीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याची तपासणी. कंपनी नेमकं काय बनवते हे त्यांना शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही, पण तिच्या नाल्यात काय काय असायचं ते झोपेतून उठवून विचारलं तरी सांगत. "आमचा बाप मिठागरावं व्हता," ते म्हणत. "त्यानं जलमभर पानी सुकवलं. मी जलमभर पानी तपासलं. आमच्या घरात पान्याला सुट्टी नाय."

दुकानावर त्यांचं पोट नव्हतं. वरच्या दोन मजल्यांवर भाडेकरू होते, खाली दुकान, मागे घर. त्यामुळे गिऱ्हाइकाला हाकलून द्यायची चैन त्यांना परवडत होती, आणि ती ते मनापासून करत.

एकदा जवळच्या टॉवरमधलं एक जोडपं आलं. वास्तूवाल्याने त्यांना सांगितलं होतं, ईशान्य कोपऱ्यात नऊ मासे ठेवा, आठ सोनेरी आणि एक काळा. गृहप्रवेश परवावर आलेला.

"टाकी आज न्या. मासे सव्वा महिन्यानं."

"अहो काका, पूजा परवा आहे!"

"मंग पूजेला पानी दाखवा. पानी पन देवच हाय."

नवरा तापला. म्हणाला, वाशीला जाऊन आत्ता घेतो, हाय काय नि नाय काय.

"घ्या ना. दोन हप्त्यांत आठी सोनेरी जातील. काला ऱ्हाईल. मंग वास्तूवाल्याला विचारा, एकटा काला कनच्या कोपऱ्यात ठेवायचा."

नवरा तरातरा निघून गेला. तीन आठवड्यांनी बाई एकट्याच परत आल्या. हातात पाण्याची बाटली. मालकांनी मान वर न करता विचारलं, "कोन वाचला?"

"काळा," बाई म्हणाल्या.

यात त्यांचा काही चमत्कार नव्हता. नव्या टाकीतलं पाणी डोळ्यांना कितीही स्वच्छ दिसलं तरी माशासाठी ते कच्चं असतं, ही गोष्ट ते येईल त्याला आणि न विचारणाऱ्यालाही समजावून सांगत. मासा घाण करतो, उरलेलं खाणं कुजतं, त्यातून अमोनिया होतो आणि त्यानेच मासा मरतो. तो अमोनिया खाणारे जंतू टाकीत वस्तीला यायला हवेत. "पयला जंतू येतो, त्यो अमोनिया खातो आनि नायट्राईट करतो. ते पन जहरच. मंग दुसरा जंतू येतो, त्यो नायट्राईट खातो आनि नायट्रेट करतो. ते जरासं असलं तर मासा सोसतो. पयला जंतू लवकर येतो. दुसरा रुसलेल्या जावयावानी येतो, धा वेला बोलवायला लागतं." हे दोन्ही जंतू आले, म्हणजे पाणी पिकलं. त्याला पाच-सहा आठवडे लागायचे. तोवर टाकीत मासा नाही. रोज नुसतं चिमूटभर खाणं टाकायचं, ते कुजू द्यायचं, आणि रविवारी पाण्याची बाटली घेऊन दुकानात यायचं. ते तीन नळ्यांत पाणी घेत, थेंब टाकत, नळ्या उजेडाकडे धरत, आणि बाटलीवर चिठ्ठी चिकटवून तिच्यावर एकच शब्द लिहीत. बहुतेक वेळा 'नापास'.

या परीक्षेतून पाण्याचा कुठलाही थेंब सुटत नसे. पुतण्याच्या हळदीला मांडवात पिण्याच्या पाण्याचं पिंप आलं, तर यांनी सवयीने खिशातून बाटली काढली आणि ग्लासात दोन थेंब टाकले. पाण्याला हिरवट झाक आली, म्हणजे अमोनिया. झालं! डीजे थांबवून माईक हातात घेतला आणि समस्त भाऊबंदांना जाहीर केलं, "पानी कोनी पिऊ नका, तपास चालू हाय." त्या रात्री अख्खा मांडव कोल्ड्रिंकवर नाचला. केटरिंगवाला पुढे कित्येक महिने त्यांच्या बोळातून जायचा नाही. हळदीला कुणालाही जुलाब झाले नाहीत, याचं श्रेय मात्र त्यांनी मरेपर्यंत स्वतःकडे घेतलं.

त्यांचा खरा जीव सिक्लिड जातीच्या माशांवर. हे आफ्रिकेतल्या तळ्यांतले मासे. पिवळे, निळे, पट्ट्यापट्ट्यांचे, दिसायला देखणे आणि स्वभावाने महाभांडकुदळ. दगडाखालच्या एका बिळासाठी दिवसभर एकमेकांच्या अंगावर जातात. "आपले गाववाले हायत," ते कौतुकाने म्हणत. "जागेसाठी सख्ख्या भावाला चावतील." या माशांना जड पाणी लागतं आणि आपल्या नळाला येतं ते धरणाचं हलकं पाणी. म्हणून ते खाडीवरून कालवांचे शिंपले आणत, उकळत, फोडत आणि टाकीत पसरत. एखादा सिक्लिड आजारी पडला तर दुकान अर्धं शटर ओढून बसे. अशाच एका दिवशी मी गेलो, तर ते टाकीसमोर स्टुलावर बसून डोळे पुसत होते आणि दुसऱ्या हातात ताट होतं, ताटात तळलेले बोंबील. माझी नजर ताटावर गेलेली त्यांनी पाहिली.

"ताटातला वेगला, टाकीतला वेगला," ते म्हणाले आणि बोंबील तोंडात घातला.

आता मी या माणसाच्या तावडीत कसा सापडलो ते सांगतो. मला मासे नको होते. मला त्यांची मुलगी हवी होती.

ती आणि मी महापेला एकाच ऑफिसात होतो. दीड वर्षं रोज एका टेबलावर डबा खात होतो. एक दिवस मी सगळा धीर गोळा करून कँटीनमध्ये विचारून टाकलं. तिने हातातली इडली संपवली, चटणी संपवली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "बाबांना विचार." 'हो'ही नाही, 'नाही'ही नाही. मी ते हो समजलो, कारण मला तेच समजायचं होतं.

रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून दुकानात गेलो. मी कोपरखैरण्याचा, वडील मार्केटात माथाडी होते, मूळ गाव साताऱ्याकडे, पगार अमुक, असं सगळं पाठ करून गेलो होतो. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मग आत जाऊन दोन फुटांची काचेची टाकी, एक फिल्टर, शिंपल्यांची पिशवी आणि माशांच्या खाण्याची डबी आणून माझ्यासमोर ठेवली.

"ह्यो घे. मासा टाकायचा नाय. रोज चिमटीभर खाना टाक. दर ऐतवारी पानी आन. पानी पिकलं की बोलू."

"काका, मी लग्नाचं विचारतोय."

"मना ऐकू येतं, बाला. मी बयरा नाय."

मागच्या दाराच्या पडद्याआड कुणीतरी हसलं. मी टाकी डोक्यावर घेऊन रिक्षा शोधत निघालो.

घरी आईने स्वागत केलं ते असं, "पोरगी बघायला गेला हुतास का भंगार आनायला?" मी सगळं सांगितलं. आईचा जन्म कोरेगावच्या बाजूचा, संसार माथाडी वसाहतीतला, आणि तिचा एकच धर्म, स्वच्छता. तिच्या ओट्यावर बसायला माशीला परवानगी लागते. असं असूनही टाकीला तिने टीव्हीशेजारी जागा दिली, कारण सून यायची तर ती टाकीतून यायची हे तिलाही कळलं होतं. रिकाम्या पाण्यात मी रोज खाणं टाकायचो. शेजारीपाजारी येऊन काचेला नाक लावायचे आणि विचारायचे, "मासे कुठेत?" सुरुवातीला मी समजावून सांगत असे. नंतर "दगडामागे आहेत" म्हणायला लागलो. खालच्या मजल्यावरच्या काकूंना तर एक निळा दिसलासुद्धा.

पहिल्या रविवारी पाणी नेलं. पहिली नळी हिरवी झाली. "अमोनिया आला. चालू जालं." दुसऱ्या रविवारी हिरवी. तिसऱ्या रविवारी हिरवी. तोवर नायट्राईटची दुसरी नळी जांभळी व्हायला हवी होती, ती ढिम्म निळीच. चौथ्या, पाचव्या रविवारीही तेच. त्यांनी चष्मा पुसला, थेंब पुन्हा टाकले, नळी हलवली.

"असं व्हतच नाय," ते म्हणाले. "बाला, तुज्या घरात जंतू पन ऱ्हायला मागत नाय. मानसानं कसं ऱ्हायाचं?"

हे मला लागलं. आणि राग आला तो त्याहून जास्त. ऑफिसात ती रोज समोर बसून विचारायची, "काय म्हणतंय पाणी?" आणि मी रोज सांगायचो, "नापास." माझ्याबरोबर कामाला लागलेल्या एकाचं पाच आठवड्यांत स्थळ ठरून साखरपुडा झाला. मी मात्र बाटली घेऊन घणसोलीच्या वाऱ्या करत होतो. या माणसाला मुलगी द्यायची नाही, म्हणून हे पाण्याचं सोंग काढलंय, याची मला खात्री झाली. आणि सोंगाला सोंगानेच उत्तर द्यायचं मी ठरवलं.

सहाव्या रविवारी मी स्टेशनवर पाण्याची सीलबंद बाटली विकत घेतली आणि ते पाणी आमच्या बाटलीत ओतून दुकानात गेलो. शुद्ध पाणी! अमोनिया नाही, नायट्राईट नाही. करा काय करायचं ते.

पहिली नळी पिवळी. म्हणजे अमोनिया शून्य. त्यांच्या भुवया वर गेल्या. दुसरी नळी आकाशी. नायट्राईट शून्य. "अरे वा," ते म्हणाले. माझी छाती अशी फुगली की शर्टाचं बटण ताणलं. मी निघायच्या बेतात होतो, तेवढ्यात त्यांनी तिसरी नळी घेतली. मी पहिल्या दोन नळ्यांतच अडकत होतो म्हणून पाच आठवडे त्यांनी तिला हातसुद्धा लावला नव्हता, त्यामुळे ती कशासाठी असते हे मी विसरून गेलो होतो. थेंब टाकले, नळी खळखळून हलवली आणि घड्याळ बघत पाच मिनिटं बसले. ती पाच मिनिटं माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब पाच मिनिटं.

नळी पिवळीच राहिली.

"नायट्रेट पन नाय," ते हळूच म्हणाले. "अमोनिया खाल्ला, नायट्राईट खाल्लं, तर नायट्रेट कुठं गेलं? पिकलेल्या पान्यात ते उरतंच. ही नली नारिंगी व्हायला पायजे." मग नळी माझ्या डोळ्यांसमोर धरली. "बाला, ह्या पान्यात कोनी जगलंच नाय. कुठनं आनलं?"

मी खोटं बोलायला तोंड उघडलं आणि तोंडातून खरं बाहेर पडलं. "स्टेशनवरून."

पडद्यामागे भांडं पडल्याचा आवाज झाला. ते हसू आवरताना तिच्या हातून पडलं होतं हे मला नंतर कळलं. त्या वेळी वाटलं, माझं नशीबच पडलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बाटलीवर चिठ्ठी चिकटवली, पेन काढलं, पण त्या दिवशी 'नापास' लिहिलं नाही. लिहिलं, 'चोर'. आणि बाटली दुकानाच्या दर्शनी फळीवर ठेवून दिली. ती तिथे दोन महिने होती. गिऱ्हाइकं वाचायची आणि माझ्याकडे बघायची.

"आता मी येतो तुज्या घरी," ते म्हणाले. "बगतो तरी काय भानगर हाय."

सातव्या रविवारी ते डगला घालून आमच्याकडे आले. आईने पोहे केले होते, चादरी बदलल्या होत्या, टाकीची काच आतून-बाहेरून पुसली होती. त्यांनी पोह्यांकडे बघितलंही नाही. सरळ टाकीपाशी गेले, बाही वर केली आणि पाण्यात हात घालून फिल्टरचा स्पंज बाहेर काढला. स्पंज नव्यासारखा पांढराशुभ्र होता.

"ह्यो कोनी बदलला?"

"बदलला न्हाई," आई अभिमानाने म्हणाली. "म्या धुतीया की दर गुरुवारी. घासाय घेतली पावडर, नळाखाली धरला, खळाखळा धुतला. आवं, काय ती चिकट घाण बसली हुती! पावनं यायचं म्हंजे…"

त्यांचा चेहरा उतरला. ते सोफ्यावर बसले. जंतू राहतात ते त्या घाणीतच, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी ते आईला सांगायचं विसरलो होतो. बिचारे जंतू दर आठवड्याला जमेल तेवढी वस्ती करायचे आणि दर गुरुवारी आमची आई भांड्यांच्या पावडरीने ती उठवायची.

"ताई," ते खोल आवाजात म्हणाले, "तुमी खून केलाय. एक-दोन नाय. करोडो."

"काय म्हनलासा?"

"सात हप्ते. दर गुरवारी. करोडो जीव."

"ह्यो मानूस!" आई माझ्याकडे वळली. "ह्यो मानूस माज्या घरात बसून, माज्या पोह्यांम्होरं मला खुनी म्हनतुया! आरं, घान धुनं हा बाईचा गुन्हा झाला व्हय? न्हाई तुमची लेक घासत भांडी?"

"घासते. पन स्पंज नाय घासत."

मग जे भांडण झालं ते वसाहतीत अजून आठवणीने सांगतात. तासभर चाललं. सातारा मागे हटेना आणि घणसोलीही हटेना. शेवटी आई म्हणाली, तुमच्या उंबऱ्यावर पाऊल ठेवीन तर नावाची न्हाई. ते म्हणाले, पाऊल नका ठेवू, फकस्त स्पंजाला हात नका लावू. आणि गेले. मला वाटलं, संपलं. मी गॅलरीत जाऊन रडलो. आता सांगायला लाज वाटत नाही.

अर्ध्या तासाने दार वाजलं. तेच होते. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत काळपट तपकिरी, गळका, वास मारणारा एक स्पंज. ते सरळ टाकीपाशी गेले आणि तो स्पंज आमच्या पाण्यात पिळला. आईने नीट पुसलेल्या टाकीत चहासारखा रंग पसरला. आईने पदर नाकाला लावला.

"माज्या सिक्लिडच्या टाकीचा मैल हाय," ते मला म्हणाले. "वीस वरसं जुना. कोनाला देत नाय मी." आणि जाता जाता टेबलावरची पोह्यांची बशी उचलून दारात उभ्याउभ्या रिकामी केली. लिंबू कमी आहे म्हणाले.

आईने त्यांना मनापासून शिव्या घातल्या. पण त्या गुरुवारी मी कामावरून आलो तर ती टाकीसमोर हातांची घडी घालून उभी होती, पहाऱ्यावर असल्यासारखी. "कुनी हात लावायचा न्हाई," ती म्हणाली. हात लावणारी घरात तीच एक होती. खाणं टाकायचं कामही तिने माझ्याकडून काढून घेतलं. तू जास्त टाकतुयास, म्हणाली.

आठव्या रविवारी दुसरी नळी जांभळी झाली. नवव्या रविवारी ती फिकट पडली आणि तिसरी नारिंगी व्हायला लागली. दहाव्या रविवारी मी निघालो तेव्हा आई इरकल नेसून दारात तयार. मी तिला शपथेची आठवण करून दिली. "उंबऱ्याभाईर उभी ऱ्हाईन," ती म्हणाली. "पानी माजं हाय."

आणि खरोखर ती बोळात, पायरीच्या खाली उभी राहिली. आतून ते थेंब टाकत होते, बाहेरून ती मान लांब करून बघत होती. पहिली नळी पिवळी. दुसरी आकाशी. तिसरीला नेहमीची पाच मिनिटं लागली. नळी छान नारिंगी झाली.

"पास," ते म्हणाले.

आईने बोळात टाळी वाजवली. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. आता ते बोलतील, हो किंवा नाही. दहा आठवडे मी त्या एका शब्दासाठी आलो होतो. पण त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. पडद्याकडे वळून हाक मारली, "बाय! पानी पिकलं गो. आता मी अजून किती थांबवू? बोल तुजं काय ते."

मला काही कळेना. ते माझ्याकडे वळले आणि पहिल्यांदाच ओशाळल्यासारखे दिसले.

"मना काय इचारतोस, बाला? माजी कवाच ना नव्हती. तीच बोलली, बाबा, मना टायम पायजे, मना त्यो मानूस म्हनून अजून कललेला नाय, पन त्याला थांब बोलायला जीव व्हत नाय. मी बोललो, किती टायम? बोलली, म्हाईत नाय. मंग मी तुला टाकी दिली. टाकी कवा पिकंल ते पन कोनाला म्हाईत नसतं. म्हातारा खत्रूड हाय, असं तू बोलशील, बोल. तिला तर कोन काय बोलनार नाय."

मी दीड वर्षं तिच्याबरोबर डबा खाल्ला होता आणि तिला हे एवढंसं विचारलं नव्हतं, की बाई, तुला काय वाटतं? कँटीनमध्ये लग्नाचं विचारलं, आणि उत्तर घ्यायला बाबांकडे गेलो. मला फार लाज वाटली.

ती बाहेर आली. माझ्याकडे बघून म्हणाली, "ऑफिसात सगळेच बरे दिसतात रे. घरी कसा असशील, चिडल्यावर कसा असशील, मला काय माहीत? स्टेशनचं पाणी आणलंस ना, आणि विचारल्या विचारल्या खरं बोलून पडलास तोंडघशी, त्याच दिवशी माझ्या आईला सांगितलं मी, हाच."



"सव्या ऐतवारी?" ते म्हणाले. "चार हप्ते जाले त्याला! तुज्या आयशीला म्हाईत, नि मना नाय? मी इथं फुकट वाईट व्हतोय, त्या ताईंशी भांडतोय, आनि मना कोनी एका शब्दानं बोललं नाय?"

ती मग म्हणाली, "कसं सांगणार, बाबा? शनिवारी रात्रीपासून तुम्ही नळ्या धुवून ठेवायचात. अकरा वाजले की दर दोन मिनिटांनी बोळात बघायचात, आला का म्हणून. इतक्या लोकांना टाक्या दिल्यात तुम्ही. पाच-सहा रविवार लागोपाठ कोण आलंय आजवर?"

त्यांनी जाळी घेतली आणि सिक्लिडच्या टाकीकडे वळले. पाठ आमच्याकडे करून बराच वेळ मासे पकडत राहिले, एवढा वेळ लागायचं खरं म्हणजे कारण नव्हतं. शेवटी चार पिवळी पिल्लं पिशवीत घालून माझ्या हातात दिली. 

"मासा सोडला का पानी परत बिघरतं," ते रागाच्या आवाजात म्हणाले. "पुढच्या ऐतवारी पानी आन."

"आणतो," मी म्हणालो. बाहेरून आईने विचारलं, लगीन ठरलं का न्हाई ते कुनी सांगंल का मला?

लग्न झालं. रविवार चालू राहिले. माझ्या सासुरवाडीला जावयाचा मान म्हणजे काय तर अकरा वाजता जावयाच्या पाण्याची परीक्षा. पास झालो तर कोंबडीवडे, नापास झालो तर नुसता चहा. बारा वर्षं हे चाललं. एकदा आमच्या टाकीतला एक सिक्लिड दुसऱ्याच्या बिळात घुसून जखमी झाला, तर ते रिक्षाने कोपरखैरण्याला आले आणि आईच्या पोह्यांना लिंबू कमी आहे असं पुन्हा एकदा म्हणाले. मला तो माणूस फार आवडायचा, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. पाणी नेऊन दिलं की त्यांना पुरायचं, आणि मलाही.

ते आजारी पडले तेव्हा दवाखान्यातल्या सलाइनच्या बाटलीवर त्यांनी दोनदा संशय घेतला. मग फारसे बोलेनासे झाले, आणि एका बुधवारी गेले. त्यानंतरच्या रविवारी मी घरात बाटली भरली आणि चपला घातल्या.

"कुठे निघालास?" बायकोने विचारलं.

मी बाटलीकडे बघितलं.  मग आत जाऊन तिने दुकानाच्या किल्ल्या आणल्या आणि आम्ही दोघं घणसोलीला गेलो. तिने शटर वर केलं, नळ्या धुतल्या, पाणी घेतलं, थेंब टाकले आणि घड्याळ लावून पाच मिनिटं बसली. तिसरी नळी लालभडक झाली. नायट्रेट भलतंच चढलं होतं. दवाखान्याच्या धावपळीत महिनाभर मी टाकीचं पाणीच बदललं नव्हतं, आणि मला त्याबद्दल ओरडायला दुकानात कुणी नव्हतं.